पाच भोकांचा गार्ड

लिहून ठेवणार : कृष्णनाथ गोकुळदास कोरगावकर, वय ७१ वर्षे, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार पेडणे, गोवा.

मी, वर नाव लिहिलेला कृष्णनाथ, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय माझ्या मागे करावयाची व्यवस्था येथे लिहीत आहे. डोळ्यांना चष्मा आहे, गुडघे कुरकुरतात, पण डोके ठिकाणावर आहे. स्मरणशक्तीही शाबूत आहे. ती थोडी कमी असती तर हे सगळे एका पानात आटोपले असते. नोंदणी कचेरीतील गृहस्थ म्हणाले, "घर, दुकान, ठेवी एवढेच लिहा, बाकीचे मनात ठेवा." सल्ला चांगला आहे, पण बावीस वर्षे मनात ठेवून झाले आहे.

कलम १. राहते घर. आमच्या गोव्याच्या कायद्याप्रमाणे घराचा अर्धा भाग माझी पत्नी सुमंगला हिचाच आहे. त्याला हात लावण्याचा मला अधिकार नाही आणि हिंमतही नाही. उरलेल्या अर्ध्यातही मुलांचा हक्क कायद्याने आधीच बांधून ठेवला आहे. म्हणजे माझ्या मर्जीला मोकळे असे थोडेच राहते. तेवढ्यापुरतीच माझी इच्छा धरावी. सुमंगला आहे तोपर्यंत घर विकू नये, आणि परसातला काजू कोणी तोडू नये. त्याला बिया येत नाहीत हे मला माहीत आहे. का येत नाहीत ते अजून कळलेले नाही, म्हणून तो ठेवायचा.

कलम २. मुलगा रघुनाथ डिचोलीला टिप्पर चालवतो. बँकेतील ठेव त्याच्या आईच्या नावे आहेच, तिच्यानंतर ती त्याची. माझा तेरा नंबरचा पाना त्याने गणपतीला नेला तो "आणतंय, आणतंय" म्हणत अजून आणतो आहे. तोही आता त्याचाच समजावा.

कलम ३. बाजारातील दुकान, चाक सरळ करायचा स्टँड, पाने, पंप आणि छपराला टांगलेली सगळी चाके मी माझी मुलगी विनोदिनी हिला देत आहे. हायस्कुलात गणित शिकवणारी बाई सायकलच्या दुकानाचे काय करणार, असे लोक विचारतील. तिने ते चालवावे, भाड्याने द्यावे किंवा कुलूप लावून किल्ली खाडीत टाकावी. लोकांचे तिच्याबद्दल पुष्कळ ठरवून झाले आहे, हे तरी तिला ठरवू द्यावे.

कलम ४. मागच्या खोलीतील निळी परदेशी सायकलही विनोदिनीचीच. हे कलम लांबणार आहे.

ही सायकल मांद्र्याला दोन हिवाळे राहिलेल्या एका परदेशी बाईची. १९९६ साली जाताना तिने ती मला देऊन टाकली. आपल्या सायकलींना पत्र्याचे चेनकव्हर असते. हिला तसले काही नव्हते. पुढच्या दातेरी चाकावर नुसती एक काळी, हलकी कडी पाच बोल्टांनी बसवलेली होती. हाच गार्ड. कपडा दातांत जाऊ नये, पोटरीला दात लागू नयेत, एवढेच त्याचे काम. इतक्याशा वस्तूने ते काम कसे होते याचे मला मोठे नवल वाटले. माझा स्वभावच तसा आहे. लहानपणी वडिलांचे घड्याळ मी चालू असतानाच उघडले होते, आणि मार खाताना त्याच्या आत किती चाके दिसली तेच आठवत होतो.

सायकल विनोदिनी चालवू लागली. ऑगस्ट १९९७ मधल्या एका रविवारी मी तो गार्ड सोडवला. कागदावर आखून तसाच पोलादी पत्र्याचा करावा असे मनात होते. गार्ड निघाल्यावर बोल्ट लांब पडले, म्हणून खाली वायसर घालून आवळले. सोमवारी सकाळी कागदावर तीन भोके आखून झाली होती, दोन उरली होती, तेवढ्यात विनोदिनी दुकानात आली. मांद्र्याच्या शाळेत तिला मुलाखतीला जायचे होते.

"बाबा, बस गेली. सायकल देतास?"

"ने. ओढणी मात्र आवरून घे."

"आणि ह्या काढलास ता?"

"एका दिवसान काय होवचा नाय गो."

गार्ड परत बसवायला दहा मिनिटे लागली असती. ती थांबलीही असती. मला ती दोन भोके आखायची होती.

मांद्र्याच्या वाटेवरील उतारावर ओढणी दातांत गेली. नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले, पोटरी दातांनी कापली. ती आजही उजवा पाय ओढत चालते.

इस्पितळाच्या पायऱ्यांवर लोकांनी विचारले, कसे झाले? मी म्हणालो, "काय माहीत, बसशी शर्यत लावली असेल." एवढेच वाक्य. ते खोटे होते हे बोलतानाच मला माहीत होते. संध्याकाळपर्यंत बाजारात ते खरे झाले होते. समोरचे कापडवाले बाबुराव यांनी तर बस आणि पोर शेजारी शेजारी धावताना स्वतः पाहिले होते. पेडण्यात तिचे नाव पडले, बसशी शर्यत लावणारी. डिचोलीचे ठरत आलेले स्थळ मोडले. त्यांनी निरोप धाडला, "मुलगी धाडसी आहे, आमचे घर साधे आहे." मी तो निरोप ऐकून घेतला आणि त्यांच्या माणसाला चहा दिला.

मूळ गार्डाचे काय झाले, तेही लिहितो. तिसऱ्या दिवशी केरीला जाऊन तेरेखोलच्या फेरीबोटीवरून मी तो पाण्यात टाकला. कोणी विचारले तर दाखवावा लागेल या भीतीने. घरी सांगितले की फुटला.

मग मी तसाच दुसरा शोधू लागलो. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. सायकल विकता येईना आणि तशी उघडीही बघवेना. बेळगाव, पुणे, मुंबई, लुधियाना, जिथे कोणी दुकानदार आहे असे कळले तिथे पत्र टाकले. हिवाळ्यात मांद्र्याच्या गेस्टहाऊसांबाहेर उभ्या सायकलींपाशी पट्टी घेऊन बसत असे. दोनदा मला चोर समजून हाकलले. एकदा एक म्हातारा परदेशी गृहस्थ माझ्याशेजारी मातीत बसला आणि अर्धा तास आम्ही दोघे मोजत होतो, एकमेकांची भाषा न कळता. तो दिवस मला आवडला होता. खंत होती तशी मजाही येत होती, हे मी कबूल करतो, आणि त्याची मला लाज वाटते.

पुष्कळ वर्षांनी मुंबईहून पहिले पार्सल आले. मी एका भोकापासून पलीकडच्या भोकापर्यंत मोजून एकशे चार मिलिमीटर कळवले होते. आला तो गार्ड चार भोकांचा; त्या मापाचे गार्ड चारच भोकांचे असतात, हे मला मागाहून कळले. मी दुकानदाराच्या नावाने बोटे मोडली. त्या शनिवारी विनोदिनी शाळेतून दुकानात आली. तिने पेन्सिल घेतली, वर्तुळ काढले आणि त्यावर पाच ठिपके दिले.

"बाबा, तुमी व्यास मोजलास म्हणतास. पाच भोकांत एकाच्या समोर दुसरा येताच खंय? समोर रिकामीच जागा येता."

मी बघितले. खरेच होते. पन्नास वर्षे सायकली जोडून मला हे दिसले नव्हते.

"मगे काय मोजूचा?"

"शेजारच्या दोन भोकांतला अंतर. त्याका एक पूर्णांक सातान गुणा."

अंतर पासष्ट मिलिमीटरला थोडे कमी भरले. गुणाकार एकशे दहा आला. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाठीवर थाप मारली. तेव्हा तिने कागदावरून मान वर न करता विचारले, "पण पयलो गार्ड खंय गेलो?"

"फुटलो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले, मुले चुकीचे उत्तर सांगतात तेव्हा पाहत असेल तसे. मग ती पुन्हा आकडे लिहू लागली. खरे सांगून टाकायची तीच वेळ होती. मी चहा मागवला.

दुसरा गार्ड भोकांना बरोबर बसला, पण दातांपेक्षा लहान निघाला, चव्वेचाळीस दात सगळे बाहेर. सुमंगला म्हणाली, "इतकी वर्सां सोदून तुमका गावला तरी काय?" तिला मी काय शोधतो आहे तेवढेच माहीत होते. गेल्या फेब्रुवारीत मांद्र्यात भाड्याच्या सायकलींचे एक दुकान बंद झाले, त्याच्या भंगारात तिसरा सापडला. भोके पाच, अंतर तेच, कडी दातांपेक्षा बोटभर मोठी. वायसर काढले, जुने बोल्ट घातले. दहा मिनिटांत बसला. मी सायकल उलटी करून पायडल फिरवले, दाताला कापड लावून बघितले. कापड सरकून बाहेर आले. मी खाली बसून रडलो. कारण मुलीचा पाय तसाच होता आणि पेडण्यात तिचे नावही तेच होते.

म्हणून लिहून देतो : माझी मुलगी विनोदिनी हिने कोणत्याही बसशी शर्यत लावली नव्हती. ती जपून सायकल चालवीत होती. चूक माझी, आणि खोटे बोललो तोही मीच. हे मी तिला समोर सांगायला हवे होते. तिच्या शाळेच्या फाटकापर्यंत अनेकदा गेलो. दर वेळी फाटकाच्या बिजागरीला तेल हवे आहे एवढे बघून परत आलो.

कलम ५. कलम चार माझ्या बाराव्या दिवशी दुकान उघडे ठेवून, भर बाजारात, मोठ्याने वाचावे. वाचण्याचे काम बाबुराव यांनी करावे. माझा त्यांच्यावर राग आहे आणि तो मी सोबत नेत आहे. पण त्यांचा आवाज सगळ्या बाजाराला पोचतो, हे १९९७ साली सिद्ध झाले आहे.

कलम ६. विनोदिनीने मला क्षमा करावी अशी अट येथे नाही.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, आणि दोन साक्षीदारांना वाचून दाखवून त्यांच्या देखत सही केली.

ठिकाण : पेडणे, गोवा.
तारीख : १७ सप्टेंबर २०१९, मंगळवार, सकाळी अकरा.

(सही) कृष्णनाथ गोकुळदास कोरगावकर

साक्षीदार १ : मधुकर अनंत परब, निवृत्त टपाल कर्मचारी, पेडणे. मजकूर ऐकला. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २ : बाबुराव शांताराम शेटगावकर, कापड दुकानदार, पेडणे. मजकूर ऐकला. त्या सोमवारी मी म्हापशाला बहिणीकडे होतो. बस पाहिली नाही, पोरही पाहिली नाही. सगळे बोलत होते म्हणून बोललो. वाचायला मी तयार आहे, पण बाराव्याची वाट कशाला बघायची? शाळा दीडला सुटते. कृष्णनाथ, चप्पल घाल, मी येतो बरोबर.