खांदेमळणीचं तेल

लिहून ठेवणार : काकासाहेब तात्यासाहेब औताडे, वय ७८, धंदा शेती, राहणार दौलताबाद, तालुका व जिल्हा छत्रपती संभाजीनगर.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीनं लिहून ठेवतो. कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून गुंडाळलेलं नाही. गुडघे गेले, कान अर्धे गेले, डोकं मात्र जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्यानं मला ट्रॅक्टरच्या मागच्या तेलाबद्दल एखादा सवाल विचारून बघावा. वकीलसाहेब म्हणाले, असलं काही लिहू नका. म्हटलं, मरणार मी आहे, तुम्ही लिहा.

कलम १. राहतं घर माझी पत्नी मनकर्णाबाई हिचं, ती हयात असेपर्यंत. तिच्या पश्चात मुलगा नानासाहेब याचं. बँकेतली ठेव सगळी मनकर्णाबाईची. तिनं ती कोणाला दिली, कशात घातली, हे नानासाहेबानं विचारायचं नाही.

कलम २. शेत नानासाहेबाला. तो शहरात नोकरी करतो, रविवारी येऊन बांधावरून चक्कर मारतो, सीताफळं नेतो. तरी शेत त्याचंच. अट एकच : पीक निघाल्यावर मेंढपाळ मुंजाबाची मेंढरं रानात बसतात, ती बसू द्यावी. त्यांच्या लेंडीखतावर हे रान तगलं आहे.

कलम ३. ट्रॅक्टर. नानासाहेब म्हणतो, "बाबा, आता भंगारात द्या." माझ्या डोळ्यांदेखत हे बोलतो, म्हणजे माघारी काय करील ते कळलंच. म्हणून ट्रॅक्टर, पान्यांची पेटी आणि तेलाचं नरसाळं माझा धाकटा भाऊ सांडू तात्यासाहेब औताडे याला देतो.

ज्याच्या हाती ट्रॅक्टर जाईल त्यानं एवढं पाळावं. याच्या पोटात गिअरला आणि मागची अवजारं उचलणाऱ्या लिफ्टला तेल एकच लागतं. तेव्हा तेल असं हवं की गिअरचे दातही झिजू नयेत आणि थंडीत लिफ्टच्या पंपाला ते ओढताही यावं. डब्यावर दोन्ही कामांचं नाव असलेलं आणि कंपनीच्या पुस्तकातल्या नंबराशी जुळणारं तेवढंच घ्यावं. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचं बघून घेऊ नये. कोणाचं गिअरचं वेगळं, लिफ्टचं वेगळं असतं. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी शिरलं समजावं. वरून भर घालून भागत नाही, सगळं उतरवावं आणि तेल गाळायची जाळी धुवावी.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात. ट्रॅक्टर आला त्या साली बैल विकले होते. मनकर्णा नवी नवरी. तिला वाटलं, बैलाच्या खांद्याला तूप, मग यानं काय घोडं मारलंय? तिनं वाटीभर तूप-हळद मागच्या तेलाच्या तोंडातून आत ओतली! मी कपाळाला हात लावला. सांडू मिसरूड फुटलेला पोरगा, तो हसून हसून लोळला. "वैनी, त्याला पुरणपोळी बी चारायची व्हती की!" आणि लगेच गाडीखाली शिरून सगळं तेल त्यानंच उतरवलं. नवं तेल ओतताना नरसाळं त्यानं धरलं, डबा मी. तेव्हापासून आमच्या घरात मागचं तेल खांदेमळणीलाच तपासायचं आणि वेळ झाली असेल तर बदलायचं. नरसाळं सांडूनं धरायचं.

कलम ४. शहरातल्या त्या तेलाच्या दुकानदाराला मी माफ करत नाही. नाव लिहीत नाही, मेल्यावर कोर्टात कुठं उभा राहू? त्यानं सांडूला सांगितलं, "जुनी गाडी, जाड तेल." सांडूनं पुस्तक न बघता नुसत्या गिअरचं जाड तेल आणून ओतलं. गव्हाच्या पेरणीचे दिवस, कडाक्याची थंडी. सकाळी लिफ्ट उचलेना, पंप कण्हायला लागला आणि दुपारी बसला. तो दुरुस्त होईतो रानाचा वापसा, पेरणीजोगी ओल, गेला. मी बोललो. सांडू म्हणाला, "दादा, तुला भावापेक्षा तेल मोठं झालं व्हय?"

मी म्हणालो, "व्हय, झालं."

त्यानं पाना खाली ठेवला आणि वाळूजला कंपनीत गेला तो गेलाच. आई वारली तेव्हा आला, अंगणात बसला, पाणी न पिता उठला. मरणाच्या कागदावर खोटं लिहायचं नाही : तेल त्याचं चुकलंच होतं. पण आता नरसाळं धरायला कोणी नसतं. एका हातानं डबा कलतो, तेल पायावर सांडतं. मनकर्णा हळद लावून ट्रॅक्टरला बैलासारखं आवतण देते, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मी तेव्हा वाळूजच्या वाटेकडं बघत बसतो. मला त्याची लई आठवण येते. हे कायद्याच्या भाषेत कसं लिहायचं ते वकीलसाहेबांनाही सांगता आलं नाही.

कलम ५. माझ्या डोक्याला जो फेटा बांधून मला न्याल, तो सांडूच्या लग्नाच्या बस्त्यात गुलमंडीतून घेतलेला असावा. पेटीत तळाशी आहे.

कलम ६. वरचं सगळं वाचून दाखवलं तेव्हा मनकर्णा चुलीपासून म्हणाली, "तुमी गेल्यावर भाऊजी ट्रॅक्टर न्यायला येतील. तवा बघायला तुमी कुठं असाल?"

मग वकीलसाहेबांना विचारलं, मी जिवंत असताना माणसाला समोर यावंच लागेल असं या कागदात काय असतं? ते म्हणाले, "साक्षीदार. दोन लागतात. तुमची सही त्यांनी डोळ्यांनी बघायची." म्हटलं, मग एक साक्षीदार सांडू. ते म्हणाले, "ज्याला मालमत्ता द्यायची त्याचीच साक्ष घेऊ नये, पुढं भानगड होते."

म्हणजे सांडूला ट्रॅक्टर द्यायचा की सांडूला बघायचं, यातलं एकच. मी बघायचं ठरवलं. सबब कलम ३ मधलं त्याचं नाव रद्द. ट्रॅक्टर, पाने आणि नरसाळं मनकर्णाबाईला.

ती म्हणाली, "मला? मी परत तूप घालीन त्यात."

म्हटलं, घाल. उतरवायला तो येईल.

मुंजाबाला निरोप देऊन वाळूजला धाडलं आहे. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मुंजाबा म्हणाला, "एवढंच सांगू?" म्हटलं, एवढंच, त्याला कळतंय. पुस्तकातल्या नंबराचं तेल आणून ठेवलं आहे. नरसाळं पुसून खुंटीला लावलं आहे. दुसऱ्या साक्षीदारासमोर सही होईपर्यंत हा कागद कच्चा आहे, आणि कागद कच्चा आहे तोवर मला मरायची सवड नाही.

ठिकाण : दौलताबाद, ट्रॅक्टरच्या छपरात.

लिहून ठेवणार : काकासाहेब तात्यासाहेब औताडे. सही सांडू आल्यावर, त्याच्यासमोर.

साक्षीदार १ : मुंजाबा, मेंढपाळ, राहणार दौलताबाद. अंगठा त्याच वेळी देईल.

साक्षीदार २ : सांडू तात्यासाहेब औताडे, राहणार वाळूज, मूळचा याच घरचा.

तारीख : श्रावण वद्य चतुर्दशी, खांदेमळणी. साल तो येईल ते.