करंडक क्लबला देऊ नये

मी, एल्स्पेथ मकक्रिंडल, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार गर्व्हन, स्कॉटलंड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर व बँकेतील शिल्लक माझी मुलगी शोना हिला.

२. लॉन बोल्सचे, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवण्याच्या खेळाचे, माझे चार चेंडू दुहेरीतील जोडीदार नेटा कर्कवुड हिला. याच चेंडूंनी मी उन्हाळ्यात हिरवळीवर आणि हिवाळ्यात हॉलमधल्या गालिच्यावर स्कॉटलंडसाठी खेळले. नेटाने जॅकवर, म्हणजे त्या छोट्या पांढऱ्या चेंडूवर, सरळ नेम धरण्याची खोड सोडावी. आपला चेंडू घडणीनेच वळत जातो, हे तिला अजून पटलेले नाही.

३. राष्ट्रीय एकेरीचा करंडक शोनाने ठेवावा किंवा मोडीत घालावा. क्लबच्या काचेच्या कपाटात तो जाऊ नये. कारण लिहिणे भाग आहे.

अंतिम सामना इथल्याच, स्कॉटलंडमधल्या पर्थला होता. माझा नवरा रॉब घरीच होता. सामना चालू असताना आलेला फोन आमच्या क्लबचे सचिव ड्रमंड टेट यांनी घेतला. मी शेवटच्या चेंडूवर जिंकले. फोटो झाले, भाषणे झाली. मग टेटनी मला बाजूला घेतले.

"रॉबला हृदयविकाराचा झटका आलाय. दवाखान्यात नेलंय."

"तुम्हाला कधी कळलं?"

"मघाशी. सामना अर्ध्यावर होता."

"आणि गप्प बसलात?"

"तू पुढे होतीस, एल्स्पेथ. आपल्या क्लबला हे कधी मिळालं नव्हतं."

मी पोहोचले तेव्हा रॉब गेला होता. तो शेवटपर्यंत दाराकडे बघत होता, असे शोना म्हणाली. पुढे मी स्कॉटलंडची कर्णधार झाले, पण टेटशी बोलणे टाकले ते टाकलेच.

४. गेल्या उन्हाळ्यात टेट आयुष्यात प्रथमच क्लबच्या अंतिम सामन्यात पोहोचले. बरोबरी होती, शेवटचा चेंडू त्यांच्या हातात होता. आत फोन वाजला, तो मी घेतला. त्यांची बायको इना स्वयंपाकघरात कोसळली होती. मी खिडकीतून त्यांच्याकडे बघत उभी राहिले. एका चेंडूचा तर प्रश्न होता. मला कोणी जाब विचारला नसता.

मनाई असूनही मी रस्त्यावरच्या बुटांनीच हिरवळीवर चालत गेले.

"इना पडलीय. दवाखान्यात नेताहेत. चला, मी गाडी काढते."

"एवढा एक टाकू दे."

"टेट, चेंडू खाली ठेवा."

त्यांनी ठेवला. मी त्यांना दवाखान्यात नेले. इना शुद्धीवर होती. "जिंकलात का?" तिने विचारले. टेटना रडू आवरेना. इना वाचली, याचा मला आनंद आहे. मी माफ केले, असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

५. अंत्यविधीला क्लबच्या अध्यक्षांचे भाषण नको. सूप आणि व्हिस्की पुरे.

६. स्कॉटलंडमध्ये एकच साक्षीदार पुरतो, पण ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. ड्रमंड टेट यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. म्हणून सहीला त्यांनाच बोलावले आहे. त्यांनी आधी कलम तीन वाचावे.

गर्व्हन, ९ ऑक्टोबर २०१८
(सही) एल्स्पेथ मकक्रिंडल

साक्षीदार:
(सही) ड्रमंड टेट, माजी सचिव
कलम तीन वाचलं. असंच झालं होतं.