गच्चीवरचं राज्य

ता. ३ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. रोज लिहायला बसायचो आणि चष्मा पुसता पुसता धीर सुटायचा. तब्येत कशी आहे? वाचनालयात गारठा असेल, पायांत मोजे घालत जा. विद्वानांना सर्दी होत नाही असं कुठे लिहिलेलं नाही. शेजारी विचारतात, भाची काय शिकते? मी सांगतो, युरोपात लोकशाही कशी आली आणि राज्यं कशी उभी राहिली, याचा तौलनिक अभ्यास. ‘तौलनिक’ म्हणताना जीभ अडखळते, पण लोक गप्प होतात.

आता मूळ दुखणं. आपल्या इमारतीत निवडणूक आहे. पंपाची आणि गच्चीची चावी कुणाकडे असावी, यावर म्हणे चिठ्ठ्या टाकून मतदान! तुझी मामी गेल्यापासून सगळ्यांना पाणी सोडणं हेच माझं सकाळचं काम. आता तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्यात. भर बैठकीत म्हणाल्या, मामा जिना चढताना भात्यासारखे फुसफुसतात, उद्या वरच बसले तर आम्ही काय वारा प्यायचा? सगळे हसले. मीही हसलो, दात दाखवण्यापुरता.

तू एवढे देश वाचतेस, तर एक सांग. मतदान आल्यावर तिकडच्या राजांचं काय झालं? कोण टिकलं, कसं टिकलं? मी तसंच करीन. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, मला सोपं करून लिही. चावी गेली तर सकाळी उठून करायचं काय, या धास्तीनं घास उतरत नाही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा

ता. १४ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस भाचीचा सा. न. वि. वि.

मोजे घातलेत, दोन दोन. पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा वाचलं. तुमचा प्रश्न माझ्या प्रबंधाचाच आहे. माझ्या मार्गदर्शक बाई तोच विचारून मला रडकुंडीला आणतात.

काही देशांत आधी कारभार बसला: कर, कचेऱ्या, नियमानं चालणारे कारकून. मत मागाहून आलं. लोकांना बोलायला फार वाट पाहावी लागली, पण वरची माणसं बदलली तरी कचेरी उघडी राहिली. काही ठिकाणी मत आधी आलं आणि कारभार कच्चाच होता. मग निवडून आलेल्यांनी नोकऱ्या आपल्याच माणसांत वाटल्या. कुठे दोन्ही भांडत भांडत बरोबरीनं वाढलं. सगळ्यांची एक वाट नाही, म्हणून तर तुलना करायची. राजांचं म्हणाल, तर काही पळाले, काहींचं त्याहून वाईट झालं. ज्यांनी कारभार दुसऱ्यांच्या हाती जाऊ दिला, त्यांतले काही मानानं राहिले.

आता मी विचारते. पाणी सोडायची रीत तुमच्याशिवाय कुणाला येते का? येत नसेल, तर मामा, तुमच्या गच्चीवर राजा आहे, राज्य नाही.

रागावलात तरी गोळ्या वेळेवर घ्या. माझ्या वाटची माया राखून ठेवा.

तुमची भाची

ता. २३ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस आशीर्वाद.

राग आलाय, म्हणून थोडकंच लिहितो. रीत कुणालाही येत नाही आणि मी शिकवणारही नाही. आधी वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह, मग खालचे. उलट केलं तर वरचे कोरडे. त्यातून मधला एक उलटा फिरतो, जोर लावला तर तुटेल. येऊ देत बाई निवडून. नळ सुकले की माझ्याच दारात रांग लागेल. तुझी पुस्तकं तुझ्यापाशी.

सर्दी झाली नाही ना, ते मात्र कळव.

मामा

ता. ११ मार्च

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद.

मतदान झालं. मी पडलो. आपटलोच म्हण.

पण आधीचं सांगतो. मतदानाच्या आदल्या दिवशी गच्चीवरून उतरत होतो. वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणीच्या दारात दुपट्यांची रास पडली होती आणि ती बिचारी बादली घेऊन नळाशी बसली होती. मला बघून म्हणाली, तुम्ही आहात म्हणून निभतंय मामा. मी ज्या रांगेची वाट बघत होतो, त्या रांगेत पहिली हीच असणार होती.

तसाच रंगाचा डबा घेऊन परत वर गेलो. व्हॉल्व्हांवर आकडे घातले, उलट्यावर मोठा बाण काढला. शिवणवाल्या बाईंना बोलावून सगळं शिकवलं. त्यांनी स्वतः फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, हे आधी दाखवलं असतं तर मी उभीच राहिले नसते. मी म्हटलं, मग आता बसा खाली. तर म्हणतात, आता शिकले ना, आता कशाला बसू?

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या नळाखाली बादली लावून बसलो. तुझ्यापासून काय लपवू, पाणी येऊ नये असंच वाटत होतं. नळ खोकला, फसफसला आणि धो धो आला. माझ्या हातून यायचा तसाच. बादली भरली तरी मी बघतच बसलो. एवढ्यात दार वाजलं. बाई म्हणाल्या, मामा, नळ बंद करा, पाणी जिन्यावरून वाहतंय. नव्या सरकारचा पहिला हुकूम मलाच!

माणूस बदलला तरी तुझा कारभार टिकला बघ. पण चावी देऊन बसलेल्या राजानं सकाळी उठून काय करायचं, ते तुझ्या पत्रात नव्हतं. पुस्तकांत सापडलं तर त्यातून, नाही तर तुझ्या मनानं लिही, पण लवकर लिही. टपालवाल्याच्या वेळेला मी हल्ली दारातच असतो.

तुझा मामा