तळ्यात भरतीची वाट

बाबा, आज रजा टाकून ओवे गावाच्या तळ्यावर गेलो होतो. आल्यापासून जेवलेलो नाही. बायको म्हणते, कोणाशी तरी बोला. आता या खांदा कॉलनीत शिडाबद्दल कोणाशी बोलू? तुला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी तुलाच लिहायला बसलो.

आपल्या खाडीवर भराव पडला. होडी काठावर ओढून ठेवली, तर उन्हाने फळ्यांना अशा फटी पडल्या की सांध्यांत भरलेला कापूस बाहेर लोंबायला लागला. तू म्हणायचास, लाकूड पान्यान हाय तवर जितं हाय. म्हणून पाणी शोधत फिरलो. धरणावरचा माणूस म्हणाला, पिण्याचं पाणी आहे, होडी चालणार नाही. कचेरीत गेलो, तर असला अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा हेच कोणाला ठाऊक नव्हतं. पॅडल बोटीवाला तर हसलाच. "इंजिन नाय, पॅडल नाय, मग काका, ही चालते कशावर?" लांबच्या एका शिडाच्या क्लबला फोन केला. तिथला मुलगा सभ्यपणे बोलला, पण त्यांच्या बोटी फायबरच्या, आपल्या लाकडी होडीला तिथे जागा नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण पाण्यावर जगलो आणि मला एका होडीपुरतं पाणी मिळेना. रडकुंडीला आलो होतो, खोटं कशाला बोलू.

शेवटी ओव्याच्या जुन्या माणसांनी हो म्हटलं. टेम्पोतून होडी नेली, तळ्यात सोडली. चार दिवसांत फळ्या फुगल्या, फटी मिटल्या. पण त्यांची एक अट आहे. "नुसती बांधून कुजवायची नाय. रविवारी शीड लावून चालवून दाव, नायतर उचल." त्यांचं तरी काय चुकलं?

आज शीड बांधलं आणि बसून राहिलो. चांगला तासभर. काठावर कपडे धुणारी म्हातारी विचारते, "कवाचा बसलायस, कोनाची वाट बघतंस?" माझ्या तोंडून निघून गेलं, "भरतीची." ती हसली नाही, काळजीने बघत राहिली. तळ्याला कसली भरती, बाबा? पण तू कायम म्हणायचास, पानी वळू दे, मंग शीड उभारू, आणि मला तेवढंच माहीत. इथला वारा डोंगरावरून उतरतो, घडीत तोंडावर, घडीत पाठीवर. शीड उभारलं तर होडी जागच्या जागी गरकन फिरली. मी घाबरून दोरी सोडून दिली. आता रविवारपर्यंत तीन दिवस उरलेत आणि मला काही म्हणजे काही सुचत नाही.

डोळे मिटले की मी दहा वर्षांचा आहे, होडीच्या तळाशी उकिडवा बसलोय. हातात तू पत्रा कापून दिलेला डबा. वर शिडात वारा भरल्याचा आवाज होतो, मी मान वर करतो, आणि तू ओरडतोस, "वर काय बघतंस? पानी उपस." मी मान खाली घालतो. नोकरी लागेपर्यंत मी तेच करत राहिलो.

हे पत्र त्याच डब्यात घडी करून ठेवतो, दुसरीकडे कुठे टाकणार? गावात सगळ्यांना वाटतं, तुझा पोरगा म्हणजे शीड चालवायला येतच असणार. मी कोणालाच खरं सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बाबा, दोरी तू कुठल्या हातात धरायचास? इतकी वर्षं तुझ्या होडीत बसलो, पण मी कधी बघितलंच नाही.