फोल्कमार एकटा हॉटेल चालवतो

ल्यूबेक,
१२ मे १९८७

चि. फोल्कमार यास इर्माताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं बरं चाललं आहे, डावा गुडघा सोडून.

टिमकेबाई आणि त्यांचे यजमान गेल्या आठवड्यात बेर्नाखहून परत आले. चर्चच्या गायनात माझ्या शेजारी उभ्या राहतात त्या. मीच त्यांना सांगितलं होतं की मोझेल नदीकाठी जायचं तर आमच्या माहेरच्या हॉटेलात उतरा, भाऊ-भावजय घरच्यासारखं बघतील. आता त्या माझ्या शेजारी उभ्या राहत नाहीत. मागच्या रांगेत गेल्या आहेत.

त्यांचं म्हणणं असं. नदी दिसणारी खोली म्हणून जी दिलीस, तिच्यातून नदी दिसते, पण न्हाणीघरातल्या टबाच्या काठावर उभं राहिलं तर. टिमकेसाहेब एकाहत्तर वर्षांचे आहेत. ते एकदाच उभे राहिले. लागोपाठ तीन संध्याकाळी तेच आंबट मांस आणि बटाट्याचे गोळे. चौथ्या दिवशी सूप होतं, त्यात तेच मांस. जास्तीची उशी मागितली तर तू बैठकीच्या खुर्चीवरची गादी आणून दिलीस, आणि तिच्यावरचं हरीण आईनं भरलेलं आहे, जपून झोपा, अशी ताकीदही दिलीस. बाईंच्या गालावर सकाळी हरणाचा ठसा होता. स्वागताच्या टेबलावर घंटी आहे आणि तिच्याखाली तुझ्या अक्षरात चिठ्ठी आहे म्हणे, की कृपया घंटी वाजवू नये, मला ऐकू येते.

हे सगळं त्यांनी पोटात घातलं असतं. पण जेवताना तू खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाशी बसायचास आणि त्र्याऐंशी सालच्या पुराची गोष्ट सांगायचास. पहिल्या दिवशी त्यांना ती आवडली. पाचही दिवस सांगितलीस.

रोझविटा कुठे होती? टिमकेबाईंनी विचारलं तेव्हा तू म्हणालास, बाजारात गेली आहे. बेर्नाखचा बाजार म्हणजे एक गल्ली. ती पाच दिवसांत संपत नाही?

सौ. रोझविटास आशीर्वाद सांग. लोभ आहेच, तो टिकेल असं वागावं.

तुझी,
इर्माताई


बेर्नाख,
१८ मे १९८७

ती. इर्माताईस फोल्कमारचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. वाचून आश्चर्य वाटलं, कारण टिमके दांपत्य निघताना माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत होतं. मला वाटलं, कृतज्ञता.

नदी जिथे होती तिथेच आहे. मध्ये अक्रोडाचं झाड वाढलं, त्यात माझा दोष नाही. ते मांस नीट मुरायला चार दिवस लागतात. जे मुरायला चार दिवस घेतं, ते खायला चार दिवस घेतले तर त्यात विसंगत काय आहे? उशा हॉटेलात भरपूर आहेत. त्या नेमक्या कोणत्या कपाटात आहेत, हा प्रश्न वेगळा. आणि पुराची गोष्ट मी रोज थोडी वेगळी सांगतो, हे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळतं.

रोझविटा बाजारात होती हे अगदी बरोबर नाही. तिची ट्रीअरची बहीण जिन्यावरून पडून पाय मोडून घेऊन बसली आहे, तिच्या सेवेला गेली आहे. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे. माझं काही अडलेलं नाही. परवा डॉर्टमुंडहून बस आली, बावीस माणसं. बावीसांपैकी एकोणीस जण न्याहारी करून गेले. उरलेले तिघे न्याहारीआधी गेले, पण त्यांना पुढे लांब जायचं असेल.

एक विचारायचं होतं. पांढऱ्या चादरी आणि लाल टेबलक्लॉथ एकत्र धुतले की जे होतं, ते पुढे किती धुण्यांत जातं?

गुडघ्याला जपावं. तुझ्या मायेची सवय आहे, ती मोडू नये.

तुझा,
फोल्कमार


ल्यूबेक,
२७ मे १९८७

चि. फोल्कमार यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

ते जात नाही. चादरी आता जन्मभर गुलाबी राहतील.

गुलाबी चादरींचा उल्लेख निवृत्त हेडमास्तर लुडेकिंग यांच्याही पत्रात आहे. त्यांनाही मीच पाठवलं होतं, टिमकेबाई परत यायच्या आधी. पत्र चार पानी आहे आणि स्वल्पविराम सगळे जागच्या जागी आहेत, म्हणजे माणूस शांत डोक्यानं चिडलेला आहे. संध्याकाळी किल्ली घेऊन ते खोलीत गेले तर पलंगावर एक डच गृहस्थ झोपलेले. खाली येऊन त्यांनी तुला सांगितलं, तर तू त्यांना धीर दिलास की ते गृहस्थ उद्या सकाळी जाणार आहेत. हेडमास्तर रात्रभर वाचनाच्या खोलीत पाय लांब करून बसले. सकाळी अंडं फोडलं ते कच्चं निघालं. तक्रार केल्यावर दुसरं आणलंस, ते दगडासारखं. यावर तू म्हणालास की दोन्ही मिळून सरासरी बरोबर येते. त्यांनी गणितच शिकवलं आहे, त्यामुळे हे वाक्य त्यांनी लाल शाईनं अधोरेखित केलं आहे.

मी हसले, खोटं कशाला बोलू. मग पत्र घडी घालताना मनात आलं की आपल्या घरात अंडं कधी बिघडलं नव्हतं. तीस वर्षांत एकदाही नाही.

म्हणून मी ट्रीअरला फोन लावला. रोझविटाची बहीण बागेतून पळत येऊन बोलली. पाय दोन्ही धड आहेत. ती म्हणाली की रोझविटा नाताळनंतर तिच्याकडे आलेलीच नाही, आणि पुढे काही बोलायचं टाळलं. तिला ठाऊक आहे आणि मला नाही, हे मला लागलं.

थट्टा पुरे. तुझी बायको कुठे आहे? खरं असेल ते लिही, आणि लगेच लिही.

काळजी करणारी,
इर्माताई


बेर्नाख,
१ जून १९८७

ती. इर्माताईस सा. न. वि. वि.

रोझविटा समोर आहे. म्हणजे नदीच्या पलीकडे. तिथे ते नवं हॉटेल झालं आहे ना, बाल्कन्यांचं, त्याचं स्वयंपाकघर ती सांभाळते. मार्चपासून.

मार्चमध्ये आपल्या हॉटेलाला पंचाहत्तर वर्षं झाली. इथल्या वर्तमानपत्राचा माणूस आला होता. त्यानं फोटो काढला, त्यात मी, बाबांची तसबीर आणि कुत्रा. रोझविटा आत होती, त्या दिवशी पन्नास माणसांचं जेवण होतं. त्यानं विचारलं, हे सगळं बघतं कोण? मी म्हणालो, मी. ताई, खोटं बोलायचं म्हणून नाही बोललो. त्या क्षणी मला खरंच तसं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी छापून आलं, फोल्कमार एश्बाख हे वडिलांच्या पश्चात एकट्यानं हॉटेल चालवतात.

रोझविटानं ते वाचलं. दुपारची भांडी आवरली. मग ॲप्रनची घडी करून टेबलावर ठेवली, त्यावर ते पान ठेवलं, आणि म्हणाली, चालव मग एकटा. आवाज चढवला नाही. ती फेरीबोटीत बसली तेव्हा मी खिडकीतून पाहत होतो. मला वाटलं, पलीकडच्या बेकरीत चालली आहे. बेकरी बंद झाली तेव्हा कळलं.

मला वाटलं, आठ दिवसांत येईल. मग वाटलं, एकट्यानं चालवून दाखवावं, म्हणजे येईल. आता रोज सकाळी मी एकेक कपाट उघडतो आणि त्यात काय आहे ते नव्यानं कळतं. उशा सापडल्या. माळ्यावर होत्या, लव्हेंडरच्या पुरचुंड्या घालून.

हेडमास्तरांनी लिहिलं नसेल, पण आणखी एक तक्रार असते. खिडकीजवळची तीन टेबलं मी कोणाला देत नाही. तिथून समोरच्या हॉटेलाच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसतो. तिथे मी बसतो. आणि पुराची गोष्ट मी रोज सांगतो हे खरं आहे. संध्याकाळी बोलायला दुसरं कोणी नसतं.

जुलैमधले निम्मे लोक येत नाही म्हणून कळवतायत. फुलं घेऊन जाऊ का तिच्याकडे? तू सांगशील तसं करतो.

तुझा,
फोल्कमार


ल्यूबेक,
५ जून १९८७

चि. फोल्कमार यास आशीर्वाद, वि. वि.

फुलं नेऊ नकोस. फुलदाणी शोधायची, पाणी भरायचं, वाळली की टाकायची, हे सगळं तिलाच करावं लागेल.

तुला रागवायला बसले होते, पण मध्येच माझाच हात थांबला. तुमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची न्याहारी आठवली. पाहुणे आपल्याच हॉटेलात उतरले होते आणि नवरी पहाटे उठून चाळीस माणसांची अंडी उकडत होती. मी ती खाल्ली. बरी झाली आहेत असंही म्हटलं असेन. मदतीला उठले नाही. आपल्या आईला मी कधी बसून जेवताना पाहिलं नव्हतं, म्हणून तर मी एकोणिसाव्या वर्षी ते घर सोडून इतक्या लांब उत्तरेला आले. आणि आईच्या जागी दुसरी बाई उभी राहिली तेव्हा मला काहीच वावगं वाटलं नाही. तेव्हा दोष एकट्या तुझा नाही. पण नवरा तू आहेस.

तू आयुष्यात कधी कुठल्या हॉटेलात पाहुणा म्हणून राहिला नाहीस. तिथे जा, खोली घे, वाढतील ते खा, आणि तोंड बंद ठेवून बघ. पुराची गोष्ट सांगू नकोस.

इथून माझं सगळं लक्ष तुझ्याकडे आहे.

इर्माताई


पैलतीर, बेर्नाख,
१९ जून १९८७

ती. इर्माताईंना रोझविटाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तीन महिने कळवलं नाही म्हणून तुम्ही रागावला नाहीत, उलट माफी मागितलीत. लग्नानंतरच्या त्या न्याहारीबद्दल एकतीस वर्षांनी कोणी काही बोलेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी अंडी चाळीस नव्हती, चौसष्ट होती.

मी मजेत आहे. रविवारी दुपारी सुट्टी असते. पहिल्या रविवारी काय करावं कळेना, म्हणून खुर्चीवर बसून राहिले. आता सराव झाला आहे.

फोल्कमार शनिवारी आला. सूटकेस घेऊन, समोरच्या दारानं. खोली नदीकडची मिळाली. वाढणारी बाई सांगत होती की एक गृहस्थ दोन तास बाल्कनीत बसून पलीकडच्या बंद हॉटेलाकडे बघतायत, त्यांना बरं नाही का विचारू? मी म्हटलं, विचारू नकोस. रात्री त्यांनी सूप दोनदा मागवलं आणि एक अक्षर बोलले नाहीत, असंही तीच म्हणाली. तेव्हा मला जरा काळजी वाटली.

रविवारी न्याहारीला अंडं खाऊन झाल्यावर त्यानं तिला विचारलं, स्वयंपाकघरात किती वाजता सुरुवात होते? ती म्हणाली, एश्बाखबाई पाचला उभ्या असतात. तो उठून सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. पाहुण्यांना तिथे मज्जाव आहे, पण कोणी हटकलं नाही, चेहराच तसा होता. म्हणाला, तू पाचला उठतेस हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, एकतीस वर्षं एकाच पलंगावर तर होतास. तो म्हणाला, मी झोपलेलो असायचो.

 एवढं खरं बोलताना मी त्याला आधी ऐकलं नव्हतं. शतावरीच्या पांढऱ्या कोंबांचा शेवटचा आठवडा चालू आहे, सोलायला ढीगभर पडली होती. मी सोलणी त्याच्या हातात दिली. त्यानं दोन तास सोलली. निम्मी शतावरी सालींत गेली आणि आमचा दुसरा आचारी ती बघून बाहेर सिगारेट ओढायला निघून गेला. जाताना फोल्कमारनं माफी मागितली. फोटोची नाही. म्हणाला, त्या वर्तमानपत्रवाल्यानं विचारलं तेव्हा मी आत वळूनसुद्धा बघितलं नाही. हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही, तुम्हीसुद्धा नाही. परत ये असं म्हणाला नाही. फेरीबोटीत बसून गेला.

आपल्या हॉटेलाच्या दारावर त्यानं पाटी लावली आहे. मी बोटीवरून वाचून आले. मालकीणबाई नसल्यामुळे बंद, असं लिहिलं आहे, मोठ्या अक्षरांत. गावातले लोक मुद्दाम वाट वाकडी करून वाचून जातात. त्याला कळतं, पण काढत नाही.

आणि सोमवारी पहाटे पाचला मी स्वयंपाकघराचं दार उघडलं तर तो पायरीवर बसलेला. पहिली फेरीबोट सातला सुटते. म्हणजे खालच्या गावाच्या पुलावरून आला, आठ किलोमीटर चालत, द्राक्षमळ्यातल्या वाटेनं. बूट आणि विजार गुडघ्यापर्यंत दवानं भिजलेली. हात धुतले आणि सोलायला बसला. मंगळवारी आला, बुधवारी आला. आजचा पाचवा दिवस. शतावरी आता पुष्कळ बरी सोलतो. आचारी सिगारेट ओढायला जात नाही.

मी इथल्या मालकांना काल सांगितलं आहे की पाहुण्यांचा हंगाम संपला की मी घरी परत जाणार. कोणत्या अटींवर जायचं ते मी लिहून काढलं आहे आणि त्यांत तडजोड नाही. फोल्कमारला अजून सांगितलं नाही, तुम्हीही कळवू नका. अजून काही दिवस चालू दे. त्याला डॉक्टरांनीही चालायला सांगितलं आहे.

पुढच्या वर्षापर्यंत मात्र कोणाला आमच्याकडे पाठवू नका. तुम्ही स्वतः याल तर खोली तयार ठेवीन, आणि न्याहारी आपण तिघं एकदम बसून करू.

माया कमी झाली नव्हती, लिहायची राहिली होती, एवढंच.

आपली,
रोझविटा