हिराबाई होडीपर्यंत गेली

प्रिय मीनाताई,

आज कळंबच्या किनाऱ्यावरून एस.टी.ने आले ती तशीच, पायाची वाळूही न धुता लिहायला बसले आहे. तुमची हिराबाई आज होडीपर्यंत गेली! पहिल्यांदा तुम्हालाच सांगायचं होतं आणि तुम्ही तर या जगातच नाही. म्हणून हे पत्र.

नवरा समुद्रात बुडून गेल्यापासून ती किनाऱ्याकडे फिरकली नव्हती. घर पाण्यापासून हाकेच्या अंतरावर, पण होडीवरून विकायला मासळी आणणं बंद. एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या समुपदेशन केंद्रात ती यायची, बोलायची, रडायची. तुम्ही ऐकत राहायचात. तिला झोप लागायला लागली, जेवण जायला लागलं. पाय मात्र किनाऱ्याकडे वळेनात.

तिला रोज थोडं थोडं तिकडे चालवून पाहू या, असं मी म्हणायचे. तुम्ही हसायचात. "तुझी कवायत राहू दे, सुनंदा. आधी माणसाचं ऐकावं." किती भांडलोय आपण यावरून! डबे गार व्हायचे. आणि तो वाद अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात. हे काही बरं केलं नाहीत, ताई.

तुमच्यामागे ती माझ्याकडे आली. आईऐवजी मासळी आणायची म्हणून मुलगी दहावीची शाळा सोडायला निघाली होती. मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग सुरूच्या झाडांपर्यंत. भीती वाटली की थांबायचं, सावकाश श्वास घ्यायचा, पण मागे फिरायचं नाही. सुरूपर्यंत छान जमलं. पुढे वाळूवर पाऊल पडेना. आठवडे गेले.

आज सकाळी पुन्हा तिथेच अडलो. मी श्वासाचं सांगू लागले, तर ती म्हणाली, "मीनाताय असती तर तिनं इचारलं असतं, पान्याचं भ्या वाटतं का कुनाचा राग येतो."

मी चालण्याचा विषय सोडला आणि तिच्याशेजारी खाली बसले. कोणाचा राग येतो, एवढंच विचारलं.

ती पाण्याकडे बघत नवऱ्याशीच बोलायला लागली. वारा पडेपर्यंत थांब म्हणून तिने विनवलं होतं, तरी तो गेला. गेलेल्या माणसावर रागावायचं कसं, म्हणून तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नाही! आपल्या खोलीत तिच्यासमोर समुद्र कुठे होता? आणि मी तिला समुद्रासमोर आणलं, पण विचारलं कुठे होतं?

बोलून झालं तशी ती आपणहून उठली. वाळू ओलांडून, घोटाभर पाण्यातून थेट होडीपाशी. मध्ये एकदा थांबली, सावकाश श्वास घेतला, पण मागे फिरली नाही. टोपली डोक्यावर घेऊन आली आणि म्हणाली, "पोरीला सांग, शाळंत जा."

ताई, यात तुमचं किती आणि माझं किती? मला वेगळं काढता येत नाहीये, आणि त्याचाच केवढा आनंद झालाय! तुम्ही असता तर यावरही भांडला असता का हो?

उद्या तिला पुन्हा भीती वाटेल, हे मला माहीत आहे. मी सोबत असेन. आणि यापुढे केंद्रात येणाऱ्या कुणालाही आपल्या दोघींपैकी एकीच्याच पद्धतीत कोंबणार नाही, हा तुम्हाला माझा शब्द.

तुमची,
सुनंदा