उलटा दांडा

शुक्रवार, दिवेलागण

लेंडीखत भरायला आपल्या छोट्या ट्रॅक्टरला पुढं बकेट लावली, तिचे हायड्रॉलिकचे दांडे आज मोहोळचा मिस्त्री बसवून गेला. उचलायचा दांडा उलटा! मागं ओढला की बकेट वर जायला पाहिजे, सगळीकडं तसंच असतं. इथं ती खाली येते. दोन पाइपांची अदलाबदल, एवढंच काम. पण परत तेल सांडंल म्हणून त्यानं हात झटकले. "सवय व्हईल की, वहिनी."

सवय! शिसारी आली.

मग पूजा. बकेट गुडघाभर वर होती. तिच्याखाली दगड ठेवून सासरे नारळ फोडायला वाकले. जागा पुरेना. ट्रॅक्टरच्या सीटवरून मी म्हटलं, "मामा, थांबा, जरा वर घेते." उलटा आहे हे ठाऊक असून हात आपोआप मागंच गेला.

बकेट धाडकन खाली. मामांनी नारळ दगडावर ठेवून हात नुकताच काढला होता. नारळाचा चेंदामेंदा.

मिस्त्री म्हणाला, "नारळ तर फुटला की!" आणि मामासुद्धा हसले. नवरा तर डोळे पुसेपर्यंत हसला. पाइप बदला असं कुणीच म्हणालं नाही. बकेटखालचं खोबरं वेचलं, माती झटकली, प्रसाद म्हणून वाटलं.

सवय व्हईल म्हणे. कशाची? मामांचा हात चिरडायची?

आणि मी? माझ्याही हातावर तुकडा ठेवला. मी तो कपाळाला लावला, खाल्ला. हसलेसुद्धा.